तलवारबाजीचा पोशाख व त्याची निगा

तलवारबाजीच्या सरावात व स्पर्धेत शस्त्राच्या टोकापासून आणि धारेपासून खेळाडूच्या अंगाचे रक्षण करणाऱ्या वस्त्रांचा संच, तसेच ही वस्त्रे धुणे, वाळविणे, तपासणे व साठविणे यांच्या पद्धती. आधुनिक संचात जाड कापडाचे जाकीट, त्याच्या आत शस्त्र धरणाऱ्या हाताच्या बाजूला घालावयाचे अंतर्जाकीट (प्लॅस्ट्रॉन), गुडघ्याखालपर्यंत येणारी विजार, लांब पायमोजे, हातमोजा, गळपट्टीसह जाळीचा मुखवटा आणि फॉइल व सेबर या प्रकारांत जाकिटावर घालावयाचे विद्युत्‌वाहक जाकीट (लामे) यांचा समावेश होतो. स्त्री-खेळाडू छातीवर कठीण कवचही वापरतात.

बहुतेक खेळांत गणवेश मुख्यतः ओळखीसाठी व हालचालींच्या सोयीसाठी असतो. तलवारबाजीत तो मुखवट्याप्रमाणेच संरक्षणाचे साधन असतो. कापडाच्या तंतूंचे बळ टिकले, तर मोडक्या पात्याचे टोक थोपविले जाते. ते घटले, तर वस्त्र दिसावयास पूर्ववत असले, तरी संरक्षण उरत नाही. हे बळ घाम, बुरशी, ऊन, उष्णता व अयोग्य धुलाई यांनी हळूहळू कमी होते. म्हणून या पोशाखाची धुलाई हा स्वच्छतेइतकाच सुरक्षिततेचाही विषय आहे. तलवारीचा खेळ संरक्षणावाचून खेळला गेला असता त्याचे काय परिणाम होतात, याचे दख्खनमधील ठळक उदाहरण अहमदनगरच्या (२०२४ पासून अहिल्यानगर) इतिहासात सापडते.

अहमदनगरची द्वंद्वपरंपरा : बहमनी सरदार मलिक अहमद याने १४९० मध्ये भिंगारजवळ बहमनी सैन्याचा पराभव करून निजामशाहीची स्थापना केली आणि १४९४ मध्ये त्याच परिसरात अहमदनगर शहर वसविण्यास प्रारंभ केला. अहमद निजामशाह (कार. १४९०–१५१०) स्वतः नामांकित तलवारबहाद्दर होता. इतिहासकार फिरिश्ता याचे तरुणपण अहमदनगरच्या दरबारात गेले व नंतर तो विजापूरच्या इब्राहिम आदिलशाहाच्या आश्रयास गेला. त्याने दिलेली हकिकत अशी : राजाचे पाहून लहानथोर सर्वच तलवारीच्या सरावास लागले, विद्येच्या शाळांऐवजी शहरात तलवारीच्या तालमी गजबजू लागल्या आणि चार माणसे जमली, की याच विषयाची चर्चा होऊ लागली. श्रेष्ठ कोण यावरून वाद होऊन ते राजापर्यंत जात. प्रतिस्पर्ध्यांनी आपल्यासमोर लढावे व ज्याचा वार प्रथम लागेल तो श्रेष्ठ समजावा, असा निर्णय राजाने दिला. परिणामी दरबारात रोज तरुणांची गर्दी होऊ लागली आणि दोन-तीन मृतदेह राजवाड्याबाहेर नेण्याची पाळी येऊ लागली. अखेरीस राजाला याचा उबग आला. आपल्यासमोर द्वंद्व होऊ नये. ते किल्ल्याजवळील काळा चबुतरा नावाच्या मोकळ्या जागी व्हावे. लढणाऱ्यांमध्ये कोणी पडू नये आणि त्यात कोणी मेल्यास त्याचा सूड घेतला जाऊ नये, असे त्याने फर्माविले. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरमधील अहमदनगर जिल्ह्याच्या खंडातही (१८८४) ही हकिकत आली आहे.

ही प्रथा अहमदनगरहून दख्खनमधील इतर शहरांत पसरली. विजापूरमध्ये हिजरी १०१० (इ. स. १६०१-०२) मध्ये क्षुल्लक कारणावरून झालेल्या एका द्वंद्वात प्रतिष्ठित कुटुंबांतील वयोवृद्ध माणसे क्षणार्धात ठार झाल्याचे फिरिश्ता सांगतो. एकास एक अशा लढतीत दख्खनी माणूस तलवारीत अजोड असला, तरी जमिनीवरील या सरावाच्या नादात भाला, धनुष्य व घोडेस्वारी यांच्याकडे त्याचे दुर्लक्ष झाले, असाही अभिप्राय त्याने नोंदविला आहे.

‘ज्याचा वार प्रथम लागेल तो श्रेष्ठ’ हा अहमद निजामशाहाचा नियम आणि आजच्या स्पर्धेतील स्पर्शगुणांचा नियम यांत तत्त्वतः फारसे अंतर नाही. दोन्हींत वार लागला किंवा नाही एवढेच ठरवावयाचे असते. मुख्य फरक आहे तो शस्त्राच्या बोथटपणाचा व अंगावरील वस्त्राचा. धारदार तलवार आणि संरक्षणाचा अभाव यांमुळे अहमदनगरमध्ये पहिला वार पुष्कळदा शेवटचा ठरला. मराठी मुलखातील फरीगदग्याच्या खेळात तलवारीऐवजी कातड्याने मढविलेला गदगा व ढालीऐवजी फरी घेऊन हाच प्रश्न शस्त्र निरुपद्रवी करून सोडविण्यात आला (पहा : फरीगदगा). यूरोपात शस्त्र बोथट करण्याबरोबरच पोशाख अधिकाधिक बळकट करण्याचा मार्ग अवलंबिला गेला.

चिलखत व भरणीचे अंगरखे : द्वंद्वात नसले, तरी युद्धात अंगरक्षणाची साधने दख्खनमध्ये प्रचलित होती. १५९५-९६ मध्ये मोगलांनी अहमदनगरच्या किल्ल्याला वेढा देऊन तटाला खिंडार पाडले, तेव्हा चांदबीबी अंगात चिलखत, तोंडावर बुरखा व हातात नंगी तलवार अशा वेशात खिंडारापाशी उभी राहिली, असे वर्णन मिळते. चिलखताचे दोन मुख्य प्रकार आढळतात. पहिला, लोखंडी कड्या एकमेकींत गुंतवून केलेल्या जाळीचा (जिरह). मराठीतील ‘जिरेटोप’ या शब्दात हेच नाव टिकून आहे. दुसरा, कापडाच्या दोन थरांमध्ये कापसाची दाट भरणी करून जवळजवळ टाके घातलेल्या अंगरख्याचा. जाळीच्या चिलखताखालीही भरणीचे अस्तर लागत असे. कारण जाळी धार अडविते, पण आघाताचा जोर अस्तरच शोषून घेते. १६८९ मध्ये अदोनी येथे मोगल सैन्याच्या हाती लागलेली दख्खनी चिलखते बिकानेरच्या शस्त्रागारात गेली. त्यांवर देवनागरी लिपीत कोरलेल्या नोंदींवरून हा इतिहास कळतो. त्यांपैकी काही आज पाश्चात्त्य वस्तुसंग्रहालयांत आहेत.

निगेच्या दृष्टीने या दोन प्रकारांचे प्रश्न परस्परविरोधी होते. लोखंडी जाळीला पाणी वर्ज्य. तिला घामातील क्षाराने गंज चढतो आणि गंजलेली कडी आघात होताच तुटते. यूरोपात अशी चिलखते वाळू व व्हिनेगर यांच्याबरोबर पिंपात घालून लोळवीत, त्यामुळे कडीकडीवरील गंज घासून निघे. नंतर त्यांना तेल अगर चरबी लावून ठेवीत. याउलट, भरणीच्या अस्तरात घाम मुरतो. ते तसेच ठेवले, तर कुजते व त्याला लागून असलेले लोखंडही खाते. परंतु ते पाण्यात बुडविले, तर कापसाचे गोळे होऊन भरणी एका बाजूस सरकते व मधे पोकळ जागा राहतात. घरातील गादी-रजईसाठी आपल्याकडे रूढ असलेला उपाय अशा भरणीलाही लागू पडतो : उन्हात चांगले तापविणे, काठीने धूळ झटकणे आणि भरणी दबून कठीण झाल्यावर टाके उसवून कापूस पिंजाऱ्याकडून पुन्हा पिंजून घेणे. मराठेशाहीत शस्त्रांसाठी शिलेखाना, वस्त्रांसाठी जामदारखाना व व्यायामासाठी तालीमखाना असे वेगवेगळे विभाग असत. अंगरक्षक वस्त्र शस्त्रही आहे आणि कापडही, या त्याच्या दुहेरी स्वरूपामुळे त्याची निगा ही कोणत्याही काळी थोडी अवघड बाब राहिली आहे.

परिटाची पद्धती : नगर जिल्ह्यात हातमागाचे कापड विणण्याचा धंदा जुना असून अहमदनगर व भिंगार येथील लुगडी प्रसिद्ध होती. सुती कापड धुण्याची जी पद्धती परीट समाजाने पिढ्यान्‌पिढ्या जोपासली, तिचे टप्पे ठरलेले होते. मळके कपडे पापडखाराच्या पाण्यात भिजवून भट्टीवर वाफवीत. नंतर वाहत्या पाण्यात दगडावर आपटून मळ काढीत, स्वच्छ पाण्यात खळबळून कडक उन्हात वाळवीत व शेवटी नीळ आणि खळ देऊन इस्त्री करीत. नाजूक व रेशमी वस्त्रांसाठी रिठ्याचा फेस वापरीत. रिठ्याच्या फळातील सॅपोनीन हे द्रव्य साबणाप्रमाणे फेस करून मळ सोडविते, पण त्यात तीव्र क्षार नसल्याने रेशमाला अपाय होत नाही.

ही पद्धती सुती कापडाच्या गुणधर्मांशी नेमकी जुळणारी होती. कापसाचा तंतू ओला असताना कोरड्यापेक्षा अधिक बळकट असतो, म्हणून तो दगडावरील आपट बराच काळ सोसतो. सेल्युलोज क्षारांना दाद देत नाही, म्हणून पापडखाराची भट्टी त्याला मानवते. मात्र बुरशी व तीव्र विरंजके यांपुढे ते टिकत नाही. फ्रान्समध्ये १७९१ साली लब्लांक याने मिठापासून सोडा तयार करण्याच्या प्रक्रियेचे एकस्व मिळविले आणि ब्रिटनमध्ये १७९९ साली टेनंट याने विरंजक चूर्णाचे एकस्व मिळविले. यानंतर धुलाईत रासायनिक द्रव्यांचा वापर झपाट्याने वाढला. विरंजक चूर्णाने कापड लवकर पांढरे होते, पण त्यातील क्लोरीन सेल्युलोजचे ऑक्सिडीकरण करून तंतू ठिसूळ करते. कापडाचा शुभ्रपणा व त्याचा मजबूतपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा धडा तलवारबाजीच्या पोशाखाला विशेष लागू पडतो.

१८०३ मध्ये अहमदनगरचा किल्ला इंग्रजांनी घेतला व पुढे भिंगारजवळ लष्करी छावणी वसली. ब्रिटिश हिंदी सैन्यात पलटणींबरोबर परीट असत. सैनिकी गणवेशासाठी जे जाड, तिरप्या विणीचे ‘ड्रिल’ नावाचे सुती कापड वापरीत, त्याच जातीच्या कापडाची तलवारबाजीची जाकिटे यूरोपात दीर्घकाळ शिवली जात होती. त्यामुळे या जाकिटांना परिटाची धुलाई चालण्यासारखी होती.

यूरोपीय पोशाखाचा विकास : अठराव्या शतकापर्यंत यूरोपातील सरावगृहांत छातीवर कातड्याचे कवच बांधीत, चेहऱ्याला मात्र संरक्षण नसे. त्यामुळे डोळ्यांना इजा होऊ नये म्हणून वार ठराविक क्रमाने व जपून करावे लागत. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तारेच्या जाळीचा मुखवटा प्रचारात आला. त्याचे श्रेय सामान्यतः ला ब्वासिएर या फ्रेंच शिक्षकाला देतात. मुखवट्यामुळे मोकळेपणाने व वेगाने खेळणे शक्य झाले. १८९६ च्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिक सामन्यांपासून तलवारबाजीचा त्यांत समावेश आहे. आंतरराष्ट्रीय तलवारबाजी महासंघाची स्थापना १९१३ मध्ये पॅरिस येथे झाली.

पोशाखाचा पांढरा रंग हा केवळ शोभेचा नव्हता. विद्युत्‌ उपकरणे येण्यापूर्वी स्पर्श झाला किंवा नाही हे पंच डोळ्यांनी पाहून ठरवीत व त्यासाठी पांढरी पार्श्वभूमी सोयीची होती. शस्त्राच्या टोकाला शाई किंवा रंग लावून कापडावर उठणारा डाग पाहण्याची युक्तीही काही ठिकाणी वापरीत. एपे प्रकारात विद्युत्‌ नोंदणी १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये, फॉइलमध्ये १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये व सेबरमध्ये १९९२ च्या बार्सेलोना ऑलिंपिकमध्ये आली. स्पर्शाची नोंद विजेने होऊ लागल्यावर पांढऱ्या रंगाची गरज उरली नाही. तथापि परंपरेने तो टिकला. कापड पांढरे राखण्यासाठी विरंजक वापरण्याचा मोहही त्याबरोबर टिकून राहिला. हा मोह पुढे नवे तंतू आल्यावर अधिक घातक ठरला.

१९८२ नंतरचे परिवर्तन : १९८२ साली रोम येथील जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत सोव्हिएट संघाचा व्ह्लादिमीर स्मिर्नॉव्ह हा पश्चिम जर्मनीच्या मात्तियास बेअरशी खेळत असता बेअरच्या फॉइलचे पाते मोडले व मोडके टोक मुखवट्याची जाळी भेदून आत शिरले. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक फॉइलचे सुवर्णपदक मिळविणारा हा खेळाडू काही दिवसांनी मरण पावला. अखंड पात्याचे टोक बोथट असते, पण मोडक्या पात्याचे टोक तीक्ष्ण असते व त्यामागे धावत्या खेळाडूच्या शरीराचा पूर्ण जोर असतो, हे या दुर्घटनेने प्रकर्षाने दाखवून दिले.

त्यानंतर महासंघाने साहित्याचे नियम कडक केले. मुखवट्याची जाळी अधिक बळकट करण्यात आली व पात्यांसाठी मॅरेजिंग जातीचे पोलाद पुरस्कृत झाले. कारण त्यात चीर हळू पसरते. वस्त्रांच्या बाबतीत आरपार भोसकले जाण्यास होणारा रोध न्यूटन या एककात मोजून प्रमाणित करण्याची पद्धती आली. आंतरराष्ट्रीय स्पर्धांसाठी जाकीट, विजार व अंतर्जाकीट यांना प्रत्येकी ८०० न्यूटन आणि मुखवट्याच्या गळपट्टीला १,६०० न्यूटन एवढा रोध आवश्यक ठरला. खालच्या पातळीवरील खेळासाठी ३५० न्यूटनाचे कापडही वापरतात. ढोबळपणे ८०० न्यूटन म्हणजे सु. ८० किग्रॅ. वजनाचा भार एका टोकावर पडणे होय. जाकीट विजारीवर किमान १० सेंमी. उतरले पाहिजे, शस्त्रधारी बाजूच्या काखेत अंतर्जाकिटाला शिवण असू नये व हातमोजा हाताच्या अर्ध्या पुढील भागापर्यंत आला पाहिजे, हे नियमही शस्त्र फटीतून आत शिरू नये याच हेतूने केलेले आहेत.

एवढा रोध साध्या सुती ड्रिलमध्ये मिळत नाही. त्यासाठी कृत्रिम तंतूंचा आश्रय घेण्यात आला. १९६५ मध्ये अमेरिकेतील रसायनशास्त्रज्ञ स्टेफानी क्वोलेक यांच्या संशोधनातून निघालेला केव्हलार हा अरामिड वर्गातील तंतू, दाट विणीचे नायलॉन आणि अत्युच्च रेणुभाराचे पॉलिएथिलीन हे त्यांतील प्रमुख होत. वजनाच्या मानाने हे तंतू पोलादापेक्षाही बळकट असतात, परंतु त्यांचे शत्रू कापसाच्या शत्रूंहून वेगळे आहेत.

नव्या तंतूंची धुलाई : अरामिड तंतू उष्णता बरीच सोसतो, परंतु क्लोरीनयुक्त विरंजक व सूर्यप्रकाशातील जंबुपार किरण यांनी त्याचे बळ घटते. पॉलिएथिलीनवर क्लोरीनचा परिणाम कमी होतो, पण ते सु. १५०° से.च्या आसपास वितळते आणि त्याहून बऱ्याच कमी तापमानालाही त्याचे बळ कमी होऊ लागते. साहजिकच तापलेली इस्त्री त्यास वर्ज्य आहे. नायलॉन उन्हाने पिवळे व अशक्त होते. म्हणजे परिटाच्या पद्धतीतील जे टप्पे सुती कापडाला उपकारक होते, ते भट्टी, आपटणे, कडक ऊन व गरम इस्त्री हे टप्पे नव्या पोशाखाला अपायकारक ठरतात. दिसण्यात दोन्ही जाकिटे सारखीच पांढरी असल्याने ही चूक सहज घडते व तिचा परिणाम डोळ्यांना दिसत नाही.

म्हणून पोशाखाला जोडलेल्या चिठ्ठीवरील उत्पादकाची सूचना प्रथम पाहावी. सामान्यतः पुढील पद्धती सर्व तंतूंना मानवते. सराव संपताच पोशाख पिशवीतून काढून सावलीत वाऱ्यावर टांगावा. बंद पिशवीत ओला राहिलेला पोशाख एका रात्रीतही कुबट होतो. धुण्यापूर्वी साखळ्या व चिकटपट्ट्या लावून घ्याव्यात. अन्यथा चिकटपट्टीचे आकडे इतर वस्त्रांचे धागे ओढतात. जाकीट उलटे करावे व रंगीत कपड्यांपासून वेगळे ठेवावे. ३०° ते ४०° से. तापमानाच्या कोमट पाण्यात सौम्य प्रक्षालक घालून हाताने किंवा यंत्राच्या सौम्य फेऱ्यावर धुवावे. विरंजक मुळीच वापरू नये. कापड मऊ करणारी द्रव्येही टाळावीत. त्यांचा पातळ थर तंतूंवर बसून घाम शोषला जाण्यास अडथळा होतो. काख, मान व मनगट येथे घामाचे डाग जास्त पडतात. तेथे धुण्यापूर्वी प्रक्षालकाचे पाणी लावून मऊ ब्रशाने हलकेच चोळणे पुरते. पिळण्याऐवजी दाबून पाणी काढावे, सावलीत वाळवावे व यंत्राची गरम हवा टाळावी.

लामे : विद्युत्‌वाहक जाकिटात धातूचे बारीक धागे विणलेले असतात. ते गंजरोधी पोलादाचे किंवा तांबे-निकेलाचा मुलामा दिलेले असतात. घामातील मीठ हे त्यांचे मुख्य शत्रू होय. जुन्या जाळीच्या चिलखताला जो रोग होता, तोच सूक्ष्म रूपात येथे आढळतो : घाम मुरतो, धागा गंजतो व कापडाचा तेवढा भाग वीज वाहून नेईनासा होतो. फॉइलमध्ये अशा निर्जीव जागी लागलेला ग्राह्य स्पर्श यंत्राला अग्राह्य वाटतो व पांढरा दिवा लागतो. म्हणजे खेळाडूला मिळावयाचा गुण हुकतो. नियमानुसार ५०० ग्रॅ. वजनाचे धातूचे टोक कापडावर टेकवून मोजलेला रोध ५ ओहमपेक्षा जास्त असता कामा नये.

लामे वारंवार धुतल्यास विणीवर ताण पडतो आणि न धुतल्यास मीठ साचते. यांतून मध्यम मार्ग काढावा लागतो. प्रत्येक वापरानंतर ते आकड्यावर मोकळे टांगावे, घडी घालू नये. कारण घडीच्या ठिकाणी धातूचे धागे तुटतात. ठराविक काळाने कोमट पाण्यात थोडा सौम्य प्रक्षालक मिसळून त्यात काही मिनिटे बुडवून ठेवावे, चोळू वा पिळू नये, स्वच्छ पाण्याने दोन-तीन वेळा खळबळावे व टांगून निथळू द्यावे. धुण्याच्या यंत्रात ते घालू नये. अंगावरून जाणारी विजेची तार धुण्यापूर्वी काढून ठेवावी.

मुखवटा व इतर साहित्य : मुखवट्याची पोलादी जाळी पाण्यात भिजून तशीच राहिली, तर तिला गंज चढतो. जाळीचा मजबूतपणा पाहण्यासाठी १२ किग्रॅ. भाराच्या टोकदार खिळ्याची तपासणी करतात. गंजलेल्या किंवा चेपलेल्या जाळीचा मुखवटा या तपासणीत नापास होतो. मुखवट्याची गळपट्टी व आतील अस्तर हनुवटीच्या घामाने लवकर मळतात. ते सुटे होत असल्यास काढून धुवावे. नसल्यास साबणाच्या पाण्यात बुडविलेल्या मऊ ब्रशाने पुसून लगेच कोरड्या फडक्याने टिपावे व मुखवटा उलटा ठेवून पंख्याच्या वाऱ्यावर वाळवावा. कातडी हातमोजा पाण्यात भिजवून ठेवल्यास कडक होतो. तो ओल्या फडक्याने पुसावा. कापडी हातमोजा धुता येतो. छातीचे प्लॅस्टिक कवच दर वेळी साबणाने धुऊन पुसणे सोयीचे असते.

पाणी व हवामान : नगर जिल्ह्याचा मोठा भाग पर्जन्यछायेत येतो. निजामशाहीच्या काळात कापूरवाडीसारख्या ठिकाणांहून खापरी नळांनी अहमदनगर शहरात पाणी आणले होते, यावरूनही येथील पाण्याची निकड दिसून येते. बेसाल्ट खडकातील विहिरींचे व कूपनलिकांचे पाणी पुष्कळ ठिकाणी दुष्फेन असते. अशा पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम यांच्याशी साबणाचा संयोग होऊन चिकट साका तयार होतो व तो कापडात अडकून राहतो. संश्लिष्ट प्रक्षालकांत हा दोष कमी असल्याने येथे साबणाऐवजी सौम्य प्रक्षालक वापरणे श्रेयस्कर ठरते. पाण्याच्या टंचाईत खळबळणे अपुरे राहण्याचा संभव असतो. त्यावर प्रक्षालकाचे प्रमाण कमी ठेवणे हाच उपाय होय. वर्षाचे बरेच महिने हवा कोरडी असल्याने सावलीतही कपडे लवकर वाळतात व कडक उन्हाची गरज पडत नाही. पावसाळ्यात मात्र दमट हवेमुळे बुरशी धरते. त्या दिवसांत कपाटात ठेवण्यापूर्वी वस्त्र पूर्ण कोरडे असल्याची खात्री करावी.

तपासणी व सद्यःस्थिती : भारतीय तलवारबाजी संघटनेची स्थापना १९७४ मध्ये झाली. टोकिओ येथे २०२१ मध्ये झालेल्या ऑलिंपिक सामन्यांत सी. ए. भवानी देवी यांनी सेबर प्रकारात भाग घेतला. ऑलिंपिकमध्ये खेळणाऱ्या त्या पहिल्या भारतीय तलवारबाज होत. महाराष्ट्रातील शालेय क्रीडास्पर्धांत या खेळाचा समावेश आहे. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या केंद्रात त्याचे प्रशिक्षण दिले जाते. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने १६१० मध्ये खडकी या नावाने वसविलेले हेच शहर होय.

प्रमाणित पोशाख महाग असल्याने शाळा व क्रीडामंडळे यांतून एकच जाकीट अनेक मुले आळीपाळीने वापरतात. अशा वेळी त्याच्या धुलाईची जबाबदारी कोणा एकाकडे राहत नाही. ते एकतर धुतलेच जात नाही किंवा इतर कपड्यांबरोबर विरंजक घालून धुतले जाते. यावर सोपा उपाय म्हणजे प्रत्येक जाकिटावर क्रमांक घालून ते केव्हा घेतले, केव्हा धुतले व केव्हा तपासले याची नोंदवही ठेवणे हा होय. तपासताना वस्त्र उजेडासमोर धरून विरळ झालेली वीण पाहावी. शस्त्रधारी हाताची काख, छाती व जांघ येथील शिवणी ओढून पाहाव्यात. ठिसूळ व पिवळा पडलेला भाग, बुरशीचे डाग आणि भोके यांकडे लक्ष द्यावे. संरक्षक थराला पडलेले भोक साध्या ठिगळाने बुजवून ते वस्त्र पुन्हा वापरणे धोक्याचे असते, कारण ठिगळाला मूळ कापडाचा रोध नसतो. असे वस्त्र शस्त्राशिवाय करावयाच्या पदलालित्याच्या सरावापुरते ठेवावे किंवा बाद करावे. पोशाख बाद करण्याचा निर्णय त्याच्या वयावरून वा रंगावरून न करता अशा तपासणीवरून करणे इष्ट होय.